मौनाचा दाखला

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांनी आमच्या भंतेजींना तीनदा व्हिसा नाकारला. मी त्यांची फुकट जाहिरात का करू? एवढंच सांगते, की माझी धाकटी बहीण तिथे नर्स म्हणून गेली त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तिचा नवरा तिथेच वारला, मुलगी तिथेच वाढली, आणि आता ती स्वतः आठवड्यातून तीन दिवस तिथल्याच दवाखान्यात डायलिसिसला जाते. इतक्या लांबच्या विमानप्रवासाला डॉक्टर साफ नाही म्हणतात.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा फोन आला. एवढी वर्षं तिकडे राहूनही माझ्याशी बोलताना तिची वऱ्हाडी जशीच्या तशी बाहेर पडते. "ताई, मले हॉल नको, जेवणं नको, काही नको. लग्न फक्त आपल्या भंतेजीनं लावलं पायजे. तेवढं कर माह्यासाठी."

आपले भंतेजी म्हणजे कोण, ते सांगते. चीवर घेण्याआधी, म्हणजे भिक्खू होण्याआधी, ते सूतगिरणीत कामाला होते. आता सत्तरीला टेकलेत. पावसाळ्याचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, भिक्खूने एकाच जागी राहायचं असतं. त्याला वर्षावास म्हणतात. आमचे भंतेजी तो दरवर्षी अंजनगाव सुर्जीकडच्या एका लहानशा गावातल्या विहारात काढतात. बाकीचं वर्ष अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत फिरणं. लग्न, नामकरण, नव्या घराचा प्रवेश, मृत्यूनंतरचं पुण्यानुमोदन, जिथे बोलावलं तिथे.

बहिणीचं लग्न त्यांनीच लावलं होतं, नांदगाव खंडेश्वरला, आमच्या घरासमोरच्या मांडवात. चीवर घेऊन त्यांना तेव्हा जेमतेम वर्ष झालं असेल. ऐन वेळी लाइट गेली आणि माइक बंद पडला. जनरेटरवाला तारा जोडत बसला. भंतेजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नुसत्या आवाजात त्यांनी गाथा म्हटल्या, आणि मांडवाबाहेर उन्हात उभे होते तेही लोक हात जोडून जागच्या जागी थांबले. बहीण अजून म्हणते, तिचं लग्न त्या आवाजानं लागलं.

मी तिला म्हटलं, निमंत्रण तूच दे. एका दिवशी भंतेजी अमरावतीला आमच्या घरी भोजनाला आले होते. बारा वाजायच्या आत त्यांचं भोजन आटोपलं आणि मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर ठेवला.

"भंतेजी, माह्या पोरीच्या लग्नाले या. मी हात जोडून मागून राह्यली."

भंतेजी गप्प.

"हॅलो? ताई, फोन कटला काय?"

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिकडून एक हुंदका ऐकू आला आणि मग, "साधू, साधू, साधू." तिला आठवलं होतं. भंतेजींना भोजनाला, लग्नाला, कशालाही बोलवायचं तर हात जोडून विचारायचं. यायला जमणार नसेल, त्या दिवशी दुसरीकडे जायचं ठरलं असेल, तर ते तसं स्पष्ट सांगतात. यायचं असेल तर मौन राहतात. तोंडानं "हो, येतो" असं ते कधीच म्हणत नाहीत. थेट बुद्धाच्या काळापासूनची रीत आहे ही. आता सगळेच भंते ती पाळत नाहीत, आमचे पाळतात. ते गप्प बसले की आपण साधू म्हणायचं आणि तांदूळ निवडायला घ्यायचे. इतक्या वर्षांत ते मौन खोटं पडलेलं मी पाहिलेलं नाही.

व्हिसाचा अर्ज भरायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. चौतीस वर्षं मी सरकारी कचेरीत लिपिक होते, आधी अकोल्याला, मग अमरावतीला. माझं आयुष्य लोकांच्या अर्जांना त्रुटी लावण्यात गेलं. सही नाही, त्रुटी. रकाना कोरा, त्रुटी. नावात बदल, राजपत्र जोडा. लाल पेन तुमच्या हातात शोभतो, असं साहेब म्हणायचे. त्रुटी सापडली नाही तर "हो, होऊन जाईल, उद्या या" म्हणायचं. हे मी फुशारकीने सांगत नाही, आता त्याची लाज वाटते. पण म्हणूनच मला खात्री होती, की माझ्या हातच्या अर्जात त्रुटी काढणारा अजून जन्माला यायचाय.

महिन्याभरात तो जन्मल्याचं कळलं. अर्जदाराला नोकरी नाही, मिळकत नाही, बायकामुलं नाहीत, घरदार नाही. लग्नकार्य आटोपल्यावर तो स्वदेशी परत जाईल याची खात्री पटत नाही. दोन ओळींचा नकार. मी तो भंतेजींना मोठ्याने वाचून दाखवला.

"बरोबर लिहिलं," ते म्हणाले. "यातलं काहीच नाही आपल्यापाशी."

मला त्यांचाही राग आला. जे सोडलं म्हणून माणूस भंते झाला, तेच जवळ नाही म्हणून त्याच्यावर संशय, आणि हा माणूस म्हणतो बरोबर लिहिलं! माझा स्वभाव तसा तापट आहे. मी तो कागद चुरगाळला, परत सरळ केला, फाईलला लावला आणि दुसरा अर्ज भरायला बसले.

या वेळी मुंबईला, त्या देशाच्या कचेरीत मुलाखत होती. परत येण्याचं कारण म्हणून मी वर्षावास लिहिला, गावाचं पत्र जोडलं, आषाढ पौर्णिमेच्या चार दिवस आधीचं परतीचं तिकीट दाखवलं. शाळेच्या दाखल्यावर जन्माचं नाव आणि पासपोर्टवर दीक्षेचं, म्हणून राजपत्रसुद्धा जोडलं. जाताना गाडीत भंतेजींची तयारी करून घेतली. कोणी बोलावलं? कुठे राहणार? किती दिवस? सगळी उत्तरं त्यांनी नीट दिली. "परत याल ना?" हा एक प्रश्न मात्र मी विचारलाच नाही. असं काही भंतेजींना विचारायचं असतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. पावसाळा तोंडावर आला की भंतेजी गावात येतात. त्यात विचारायचं काय?

मला आत सोडलं नाही. त्यांची छत्री आणि थैली सांभाळत मी फुटपाथवर उभी राहिले. अर्ध्या तासाने ते हातात कागद घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर समाधान होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. दुभाषी मुलगी पुण्याकडची होती. चांगली होती. सारं विचारलं. शेवटी साहेबानं विचारलं, लग्न झाल्यावर वापस जासान काय म्हणून."

"मंग? तुमी काय म्हणलं?"

"काय म्हणणार? मौन राह्यलो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"त्यानं तीनदा विचारलं, बाई. तीनही खेपी मौन राह्यलो. मले वाटलं, याले आपली रीत माहीत हाये."

मी कागद त्यांच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. अर्जदाराने परतीबाबतच्या प्रश्नाचं उत्तर देण्याचं टाळलं, असं लिहिलं होतं. मग मात्र माझा तोल गेला. "भंतेजी, तोंडानं हो म्हणायले काय झालं होतं? एक अक्षर होतं, एक! तिकडे माही बहीण सुया टोचून घेऊन राह्यली, अन् तुमी एक अक्षर बोलले नाही!" येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. चीवरधारी माणसावर एक बाई ओरडते आहे, आणि तो खाली मान घालून ऐकून घेतो आहे. मी आजवर भंतेजींशी असं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

परतीच्या गाडीत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. सकाळी अकोल्याला मी त्यांच्या हातात चहा दिला तेव्हा ते आपणहून बोलले.

"बाई, कोणी भोजनाले बोलावते. आपण लगेच हो म्हणलं, तर ते आपलं पोट बोलते. आवाजात हाव येते. म्हणून चूप राहाचं, अन् त्या दिवशी जाचं. गेलं म्हणजे झालं हो."

"गावात ठीक हाये ते. साहेबापुढं कावून?"

"गावाले मौन देलं अन् साहेबाले तोंडानं हो देलं, तर गावाले देलं ते कमी होतं काय?"

खिडकीबाहेर बोरगाव मंजू मागे गेलं. तिथून एक आजी माझ्या अकोल्याच्या टेबलावर यायच्या, एका दाखल्यासाठी. अकरा खेपा घातल्या त्यांनी. दर खेपेला मी म्हटलं, "हो आजी, उद्या नक्की." दर खेपेला त्या माझ्या 'हो'वर विश्वास ठेवून एसटीत बसल्या. त्या 'हो'ला काडीची किंमत नव्हती, आणि समोर खिडकीशी बसलेल्या या माणसाच्या गप्प बसण्यावर सगळं गाव चूल पेटवतं. बडनेरा यायच्या आत माझं ठरलं होतं. मुंबईच्या त्या साहेबाला कागद पाहिजे ना? मग मौनाचाच कागद करायचा.

त्याच आठवड्यात मी वर्षावासाच्या गावी गेले. तिथल्या विहारात खिळ्याला एक वही टांगलेली असते. भंतेजींना कोणी बोलावलं की त्यात नोंद होते: घर कोणाचं, दिवस कोणता, काम काय, आणि शेवटच्या रकान्यात एकच शब्द, 'मौन'. भंतेजी त्या घरी येऊन गेले की पुढे बरोबरची खूण. नऊ वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. मी त्या ओट्यावर मांडल्या आणि लाल पेन घेऊन तपासायला बसले. माझी जुनी खोड. पानामागून पान, मौन आणि खूण, मौन आणि खूण. दोन दिवसांत एक जागा सापडली जिथे खूण नव्हती.

"हे काय?" मी विचारलं.

गावचे माजी सरपंच शेजारी बसले होते. पानमळा आहे त्यांचा. बौद्ध नाहीत, घरी देव्हारा आहे, पण भंतेजींना वर्षातून एकदा घरी बोलावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी चष्मा लावून पान बघितलं.

"म्याडम, हे माह्याच घरचं हाये. त्या दिवशी नाल्याले पूर होता. आमी अल्याड, भंतेजी पल्याड. पाण्यात भिजत उभे होते, जेवणाची वेळ टळेपर्यंत. आमी पायलं ना डोळ्यानं. उपाशीच वापस गेले ते." त्यांनी माझ्या हातातला पेन घेतला. "तिथंबी बरोबर करा. आले होते ते." आणि त्यांनी स्वतःच खूण केली.

ग्रामसभा बोलावली. ठराव मी लिहिला, कचेरीच्या भाषेत, एक मात्रा इकडची तिकडे न करता: भंतेजींनी या गावात ज्या ज्या निमंत्रणास मौन राहून संमती दिली, त्या त्या वेळी ते उपस्थित राहिले, यास आम्ही खालील सह्या करणार साक्षीदार आहोत. यंदाच्या वर्षावासाच्या निमंत्रणासही ते मौन राहिले आहेत. सबब ते परत येतील याबाबत गावास शंका नाही. सह्या झाल्या, अंगठे झाले. सगळ्या समाजांचे लोक होते. एका म्हातारीने विचारलं, "कायचा अंगठा हाये हा?" कोणीतरी सांगितलं, भंतेजी खोटं नाही बोलत त्याचा. "त्याले अंगठा कायले लागते?" म्हणत तिने तो उमटवला.

अमरावतीला कोर्टाच्या आवारात नोटरीने कागद दोनदा वाचला. "म्याडम, गप्प बसल्याचं प्रतिज्ञापत्र? मी असं कधी ऐकलं नाही."

"आता ऐकलं ना? मारा शिक्का."

मारला त्यांनी. भाषांतर केलं, त्यावरही शिक्का. वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या. तो जाडजूड गठ्ठा पाठवताना माझी छाती फुगली होती. चौतीस वर्षांत इतकं खरं काही माझ्या टेबलावरून पुढे गेलं नव्हतं.

लग्नाला अठरा दिवस उरले असताना उत्तर आलं. पहिल्या नकारातल्याच दोन ओळी, शब्दाला शब्द. गठ्ठा कोणी उघडला नसावा. मला ते ओळखू येतं. मीही न उघडता परत पाठवलेली पाकिटं आहेत.

बहिणीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "मंग लग्न कोन लावते, ताई?"

दुसऱ्या दिवशी भंतेजी घरी आले. मी नकाराचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही.

"तुमचा व्हिसा हाये ना, बाई?"

होता. मेहुणे वारले तेव्हा काढलेला, अजून दोन वर्षं चालणारा. मला तो तेव्हा आठ दिवसांत मिळाला होता, कारण माझ्यापाशी नोकरी होती, घर होतं, नवरा होता, मुलगा होता.

"तुमाले गाथा येतात. लहानपणापासून म्हणता तुमी," भंतेजी म्हणाले. "तुमी जाता का? भाचीचं लग्न तुमी लावता का?"

मी कधी कोणाला उत्तर द्यायची राहिलेली नाही. त्या क्षणी माझ्याकडे दहा उत्तरं होती. माझे गुडघे दुखतात. माझा आवाज फाटका आहे. तिला तुम्ही पाहिजे, मी नाही. तोंड उघडलं, पण एकही शब्द बाहेर आला नाही. हात आपोआप जोडले गेले.

भंतेजी म्हणाले, "साधू." आणि रोज सकाळी तासभर माझ्याकडून गाथा म्हणवून घ्यायला लागले.

तिथल्या विमानतळावर काउंटरवरच्या बाईने विचारलं, कशासाठी आलात, किती दिवस, परत जाणार ना. मी म्हटलं, "येस." तिने मान वर न करता शिक्का मारला. संपलं! मला तर तेव्हा माहीतही नव्हतं मी परत जाईन की नाही. बहिणीला डायलिसिसच्या त्या खुर्चीवर पाहिल्यावर माझा पाय निघणार होता का, कोणाला ठाऊक? ज्या तोंडाने चौतीस वर्षं "उद्या नक्की" म्हटलं, त्याच तोंडाचा तो 'येस', आणि तो त्यांना लगेच पटला. भंतेजी पुरात नाल्याकाठी उभे राहिले होते, तरी ते पटत नव्हते. मला तिथेच त्या काचेवर हात आपटावासा वाटला. मी पिशवी उचलून पुढे गेले.

लग्न छान झालं. बहिणीचा डायलिसिस आदल्या दिवशी झाला होता, त्यामुळे ती पहिल्या रांगेत ताठ बसू शकली. भाची पांढऱ्या साडीत होती. मला माइक दिला, तो मी बाजूला सारला. पहिल्या गाथेला आवाज चिरकला, दुसऱ्या गाथेला बसला, मग कोणाचीच भीती वाटली नाही. शेवटी सगळ्यांनी साधू म्हटलं, तेव्हा तिकडच्या पाहुण्यांनीही आमचं बघून म्हटलं.

संध्याकाळी बहिणीने माझा हात धरला. "चांगलं लावलं, ताई. पण तुहा आवाज कचेरीतला हाये. आता म्हणशीन, पुढचा या." आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग हसता हसता ती थांबली. "मले भंतेजीचा आवाज ऐकाचा हाये. घरात बसून, समोर. मी हाये तोवर."

तिला सोडून निघणं मला फार जड गेलं. पण निघाले. तो 'येस' तरी खरा करायचा होता.

आषाढ पौर्णिमेला मी गावातल्या विहारात होते. माजी सरपंचांनी पहिलं निमंत्रण दिलं, भंतेजी मौन राहिले, आणि वहीत तो शब्द मी लिहिला. त्यानंतर मी बहिणीला फोन लावून भंतेजींसमोर धरला. आश्विन पौर्णिमेनंतर आपल्या तिकडच्या घरी परित्राण पाठाला, रक्षणाच्या गाथा म्हणायला या, असं ती म्हणाली. भंतेजी गप्प. या वेळी तिने हॅलो म्हटलं नाही. तिने सरळ साधू म्हटलं.

मी चौथा अर्ज भरला. आता हे सगळं कॉम्प्युटरवर असतं. 'भेट संपल्यावर आपण परत जाल का? खुलासा करा', या रकान्यात मागच्या तीन वेळा मी पानभर लिहिलं होतं. या वेळी तो कोरा ठेवला आणि पुढे जायचं बटण दाबलं. फॉर्म हलला नाही. रकान्याखाली लाल अक्षरं उमटली. मला हसू आलं. मलाच त्रुटी लावत होते, माझ्याच रंगात.

मग मी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला: मौन. फॉर्म पुढे सरकला. अर्थ कळला नाही, तर नऊ वर्षांच्या वह्या सोबत जोडल्या आहेत. या वेळी उघडून वाचा म्हणावं.